थंडीसाठी झोपवलेली गाडी

स्प्रूस आर्म, न्यूफाउंडलंड
३ जून

चि. सौ. मेल्विना हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र वेळेवर पावले. उत्तरास विलंब झाला, याबद्दल क्षमस्व. येथील सर्व ठीक आहे. खाडीतला बर्फ निघून गेला असून होड्या पाण्यात उतरल्या आहेत. माझी प्रकृती उत्तम आहे. रविवारी खारे मांस आणि कोबी शिजवतो. ते बुधवारपर्यंत पुरते. ड्रुसिलास जाऊन चार महिने होत आले. त्याविषयी अधिक लिहीत नाही. तुझी ती बहीण होती, तुला सांगण्यासारखे माझ्याजवळ काही नाही.

या पत्राचे मुख्य कारण निराळे आहे. ड्रुसिलाची क्वाड नोव्हेंबरपासून शेडमध्ये उभी आहे. चार जाड टायरांची, मोटरसायकलसारख्या हँडलची ती तांबडी गाडी तुझ्या परिचयाची आहेच. तिच्यावरून आम्ही अठरा वर्षे थर्ड पॉण्ड तळ्याकाठच्या केबिनवर जात आलो. गेल्या महिन्यात नवी बॅटरी बसवून मी ती सुरू करण्याचा प्रयत्न केला, परंतु यश आले नाही. गावाबाहेरील दुकानाचा विक्रेता पाहून गेला. त्याने शेडच्या दारातूनच मान हलवली आणि या वयाचे इंजिन उघडणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे होय, असे मत दिले. हे कळताच अल्बर्टाहून सेल्बीने नवी गाडी घेऊन देण्याची तयारी दाखवली. मुलगा कर्तव्यदक्ष आहे, यात शंका नाही.

परंतु विक्रेत्याच्या मतावर विसंबून निर्णय घेणे मला प्रशस्त वाटले नाही. म्हणून मी गावातील क्वाडधारकांकडे स्वतः जाऊन चौकशी केली. कोणती गाडी किती वर्षे टिकली आणि दुरुस्तीस काय लागले, एवढेच प्रश्न होते. बहुतेक मंडळी माझे जुने विद्यार्थी असल्याने उभे राहूनच उत्तरे देत होती. प्रत्येकाने आपलीच गाडी सर्वोत्तम असून तिला आजवर तेलापलीकडे काहीही लागले नाही, असे सांगितले. मग त्यांच्या पत्नींनी चहा आणला आणि खरा आकडा सांगितला. दोन्ही आकड्यांत इतके अंतर पडले, की पुढे मी केवळ पत्नींचीच साक्ष ग्राह्य धरली.

त्यावरून असे दिसते, की छप्पर आणि हँडलऐवजी मोटारीसारखे चाक असलेल्या नव्या दोन आसनी गाड्या पहिली चार-पाच वर्षे निर्दोष चालतात. पुढे त्यांचा इंजिनाकडून चाके फिरवणारा पट्टा तुटतो, विजेच्या तारा कुजतात, आणि एका दुरुस्तीत जुनी क्वाड विकत येईल एवढे बिल होते. जुन्या गिअरच्या गाड्यांना वरचेवर किरकोळ काही लागते, मोठे क्वचितच. चाकांची बेअरिंगे मात्र दलदलीच्या पाण्याने सर्वांचीच जातात. तुझा पती युराया तुमच्या किनाऱ्यावर तीस वर्षे या गाड्यांवर लाकडे ओढत आहे. त्याचे मत कळवावे.

कळावे. लोभ आहेच, तो आहे तसाच राहू द्यावा.

तुझा,
हेडली

ता. क. ड्रुसिलाने माझ्यासाठी विणलेल्या लोकरी मोज्यांच्या दोन जोड्यांतील एकेक मोजा सापडत नाही. एकाची किनार तांबडी, दुसऱ्याची निळी. अंत्यविधीस आली असताना तू कपाट आवरले होतेस. अनवधानाने ते तुझ्या सामानात तर गेले नसावेत?


सील टिकल, लॅब्राडोर
१४ जून

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. पत्र कसलं, शाळा तपासणीचा अहवालच तो! युरायाला मोठ्यानं वाचून दाखवला, तर तो नकळत टोपी काढून बसला. आता मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनवर तुमचं बोलणं अर्धंच पोचतं. पत्र लिहिता तेच बरं. पत्रात तरी तुम्ही पूर्ण वाक्यं लिहिता. फोनवर नुसतं “हं” करता.

आधी मोज्यांचं. भावोजी, बहिणीच्या अंत्यविधीला येऊन मी मेव्हण्याचे मोजे पळवले, असं तुम्हाला खरंच वाटलं? आणि पळवायचेच तर एकेक कशाला पळवीन? माझे पाय काय वेगवेगळ्या घरचे आहेत?

युरायाचं मत असं: पट्ट्याची गाडी कोरड्या जमिनीवर राजासारखी पळते, आणि ओल्यात गेली की रुसलेल्या जावयासारखी बसते. नव्या गाडीत बिघाड काय झालाय ते सांगायला आणखी एक यंत्र लावावं लागतं, आणि ते यंत्र चालवणारा माणूस आमच्याकडून सामुद्रधुनीपलीकडे राहतो. जुनी गाडी चार पान्यांत उघडते. पण हे सगळं तो हिरव्या कंपनीच्या गाडीबद्दल बोलतो हं, तांबडीबद्दल नाही. त्याचा भाऊ तांबडीवाला. दोघं नाताळात एका टेबलावर जेवतात, पण गाड्यांचा विषय निघाला की त्यांची आई होती तेव्हा तीच दोघांना उठवून बाहेर बर्फ काढायला पाठवायची. आता ते काम माझ्याकडे आलंय.

युराया विचारतो, बटण दाबल्यावर गाडी नेमकं काय करते? “यश आले नाही” यावरून त्याला काही कळत नाही म्हणे. फिरते, खोकते, टिकटिकते की गप्पच असते, ते नीट लिहा.

आणि आता माझं एक. तुम्ही पट्टे बघितलेत, तारा बघितल्यात, अख्ख्या गावाच्या बायकांची साक्ष काढलीत. पण पुढच्या सीटवर कोण बसणार, ते एवढ्या मोठ्या पत्रात कुठेच नाही. अठरा वर्षं ड्रूच चालवायची आणि तुम्ही मागे केटली मांडीवर घेऊन ताठ बसायचात. गावात कुणी हसलं, तर ड्रू त्यांना सांगायची की मुख्याध्यापकांना ड्रायव्हर असतोच. मला वाटतं, ही तुलना चांगली वर्षभर चालेल, आणि तेवढं वर्ष तुम्हाला शेडमध्ये जावं लागणार नाही. खोटं असेल तर रागवा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
मेल्विना


फोर्ट मॅकमरी, अल्बर्टा
२६ जून

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही “पाहू” म्हणालात, आणि तुमचं “पाहू” म्हणजे काय ते मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून लिहितो.

मी दुकानात बोलून ठेवलंय. नवी दोन सीटची गाडी वीस जुलैला ट्रकनं दारात येईल. तिला मोटारीसारखं चाक आहे, छप्पर आहे, सीटचे पट्टे लावून बसायचं. बाबा, ती तुम्हाला चालवता येईल. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाही. आईची गाडी त्याच ट्रकमध्ये परत जाईल. सुट्या भागांसाठी ते थोडीफार किंमत वळती करून देतायत. चालत नसलेल्या गाडीची यापेक्षा जास्त कुणी देणार नाही.

मला इथून एवढंच दिसतं की ऑगस्टमध्ये दलदलीत बेकॲपलची केशरी फळं पिकतील, आणि तुम्ही खिडकीत बसून राहाल. आई असती तर तिनं तुम्हाला बसू दिलं नसतं. तुम्ही केबिनवर जावं एवढंच माझं म्हणणं आहे. कशावरून जाता, ते मला महत्त्वाचं नाही.

आईची गाडी द्यायची नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मी ऐकेन.

तुमचा,
सेल्बी


स्प्रूस आर्म
१ जुलै

चि. सौ. मेल्विना हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पावले. मी रागावलेलो नाही. तुझे निरीक्षण अचूक आहे; त्यावर भाष्य करण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

सेल्बीने नव्या गाडीची व्यवस्था केली आहे. ती वीस जुलैस येईल आणि ड्रुसिलाची गाडी त्याच ट्रकने जाईल. द्यायची नसल्यास स्पष्ट सांगावे, असे त्याने लिहिले आहे. मी दोनदा उत्तर लिहावयास बसलो. नादुरुस्त गाडी ठेवून घेण्यास कोणतेही समर्थनीय कारण मला देता येईना. कारणाशिवाय मागणी करणाऱ्या विद्यार्थ्यांस मी चाळीस वर्षे परत पाठवत आलो. स्वतःसाठी नियम बदलणे योग्य होणार नाही. म्हणून त्यास संमती कळवली.

असे असले तरी युरायाच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. काल शेडमध्ये जाऊन पुन्हा पाहिले. तिचे हातमोजे हँडलवर आहेत. ते मी हलवले नाहीत. बटण दाबल्यावर इंजिन व्यवस्थित फिरते. मग एकदा खोकल्यासारखा आवाज होतो, तोही मोकळा नव्हे. कोणी तोंडावर उशी धरावी तसा. पुढे काहीच होत नाही. पेट्रोलचा वास मात्र बराच येतो. विक्रेत्याने इंजिन आतून झिजल्याचे हे लक्षण सांगितले होते. ते बदलण्याचा खर्च मी तुलनेत धरला, आणि तेथेच जुनी गाडी हरली. तो खर्च वगळला, तर अठरा वर्षांचा हिशेब तिच्या बाजूने जातो. परंतु तो वगळता येत नाही.

केटली केबिनमध्येच राहिली आहे. शेवटच्या खेपेस ड्रुसिला म्हणाली होती, की वसंतात यायचेच आहे, तर ओझे कशाला न्यायचे.

मोज्यांचा विषय मी मागे घेतो. तुला दुखावण्याचा हेतू नव्हता. उरलेले दोन एकमेकांशी जुळत नसल्याने ते वापरता येत नाहीत, एवढाच प्रश्न होता.

कळावे. तुझ्या लोभास मी पात्र राहावे, ही इच्छा.

तुझा,
हेडली


सील टिकल
११ जुलै

ती. भावोजींना,
घाईत सा. न. वि. वि.

टपालाचं विमान दुपारी जातंय, म्हणून चुलीवरचं तसंच ठेवून लिहायला बसले. हे पत्र वीस तारखेआधी पोचू दे, एवढीच प्रार्थना. युराया मासे धरायला बाहेर गेलाय, नाहीतर त्याला फोनवर ओरडायला बसवलं असतं; मी केला, तर तुमचं “हं” मला ऐकू येणार नाही आणि सगळं अर्धवट राहील.

भावोजी, मोजे गाडीत आहेत!

तुमचं पत्र वाचताना “तोंडावर उशी” इथे आले, मग खाली “मोजे” इथे आले, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. मला पहिल्याच पत्रात कळायला हवं होतं. आमच्या बाबांच्या होडीच्या इंजिनात एका हिवाळ्यात उंदरांनी संसार थाटला होता. तेव्हापासून बाबा थंडीसाठी इंजिन झोपवायचे, ते त्याच्या दोन्ही टोकांना मोजे कोंबूनच. एक हवा आत घेणाऱ्या तोंडात, एक धूर सोडणाऱ्या नळीत. इकडे पिंजलेली तार कोंबतात, पण बाबांचा लोकरीवर विश्वास. मोजे टाच विरलेले घ्यायचे, आणि एका जोडीतले दोन्ही कधीच नाही. दोन जोड्यांतला एकेक. म्हणजे उरलेले दोन धड मोजे हिवाळाभर मिळून पायात घालता येतात, आणि वसंतात इंजिन उठलं की आतले दोन धुऊन, रफू करून आपापल्या जोडीदाराकडे परत. शाळेत आम्हा दोघींचे मोजे हिवाळाभर बेजोड असायचे. पोरं चिडवायची, तर ड्रू त्यांना सांगायची की आमच्याकडे इंजिन आहे, तुमच्याकडे आहे का?

तुम्हाला तिनं सांगितलं नसेल, कारण बेजोड मोजे घाला म्हटलं असतं, तर तुम्ही अनवाणी फिरला असता.

तर आता असं करा. सीट काढा. मागच्या बाजूला खाली खिट्टी आहे, ती ओढली की सीट उचलते. आत काळा डबा दिसेल, त्याच्या तोंडात बघा. मग मागच्या नळीत बघा. तो आत ढकललेला असेल, तारेचा आकडा करून ओढा. जुनं पेट्रोल काढून ताजं घाला, आणि मग बटण दाबा. तिचे हातमोजे हलवावे लागले तर हलवा. ती काही म्हणणार नाही.

आणि त्या विक्रेत्याला माझ्या वतीनं सांगा, की दारातून मान हलवायला गाईलाही येतं.

लोभ, आशा, सगळं सोबत पाठवतेय.

तुमची,
मेल्विना


स्प्रूस आर्म
२१ जुलै

चि. सौ. मेल्विना हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र काल सकाळी मिळाले. त्या वेळी ट्रक दारात उभा होता.

चालक वॅलेस हा माझा जुना विद्यार्थी. त्याने नवी गाडी उतरवून ठेवली होती आणि जुनी ओढण्यासाठी साखळी काढत होता. टपाल आले आहे, ते वाचेपर्यंत थांबावे, अशी मी त्यास विनंती केली. आयुष्यात मी कोणास ताटकळत ठेवले नाही. त्यामुळे तो काहीसा घाबरला आणि कोणी वारले का, असे विचारू लागला. मी त्यास चहा, ब्रेड आणि काकवी देऊन स्वयंपाकघरात बसवले आणि शेडमध्ये गेलो.

खिट्टी सापडण्यास वेळ लागला. डब्याच्या तोंडात तांबड्या किनारीचा मोजा होता. अर्धवट कोंबलेला नव्हे. बोटांचा भाग आत, टाच वर, किनार दुमडलेली, लहान मुलास घालावा तसा. मागच्या नळीतला निळा तारेने काढावा लागला. दोहोंच्या टाचा विरल्या होत्या. ते दोन्ही हातांत घेऊन मी बराच वेळ गाडीच्या पायदानावर बसलो. वॅलेस तोवर दुसरा चहा स्वतःच ओतून घेत होता.

एक गोष्ट लक्षात आली. दरवर्षी हिवाळ्यात माझे मोजे हरवत आणि दरवर्षी वसंतात रफू होऊन परत येत. कपडे धुण्यातील ही त्रुटी मी सौम्य शब्दांत तिच्या निदर्शनास आणत असे. ती प्रत्येक वेळी अत्यंत गंभीरपणे शोधते म्हणत असे.

पेट्रोल बदलण्यास वॅलेसने मदत केली. तिसऱ्या प्रयत्नास गाडी सुरू झाली. आधी पुष्कळ धूर आला, मग आवाज स्थिर झाला. तोच आवाज. वॅलेस हसून म्हणाला, की बाईंची गाडी बाईंसारखीच, उठायला वेळ घेते, पण एकदा उठली की कोणाचे ऐकत नाही. मी त्यास हे वर्णन यथार्थ असल्याचे सांगितले.

त्याच वेळी सेल्बीस फोन केला. मला कारण सापडले आहे, असे म्हणालो. ते ऐकवण्यासाठी फोन शेडमध्ये धरला. मग तो म्हणाला, की नवी परत पाठवा. वॅलेसला मालकाची काळजी वाटत होती, म्हणून मी त्यास सहीची चिठ्ठी लिहून दिली. शाळेत गैरहजेरीसाठी त्यास अशा चिठ्ठ्या वारंवार लागत. ती त्याने जुन्या सवयीने घडी करून टोपीत ठेवली. नव्या गाडीच्या बदल्यात सेल्बी आता मागच्या चाकांची बेअरिंगे आणि ब्रेकचा संच पाठवतो आहे.

जाता जाता वॅलेसने विचारले, की सर, चालवणार कोण? त्यास मी उत्तर दिले नाही. तुला देतो. शाळेमागचे मैदान सुटीत रिकामे असते. आजपासून सकाळी तेथे जातो. बेकॲपल पिकतील तेव्हा तू ये. मागचे आसन आरामशीर आहे, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

येण्याचे निश्चित कळवावे. लोभ सोबत घेऊन यावे.

तुझा,
हेडली


सील टिकल
२ सप्टेंबर

ती. भावोजींना,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बेकॲपलच्या बरण्यांपैकी एकच फुटली, तीही युरायानं उतरवताना. हिरवीवाल्यांना नाजूक काम येत नाही, असं मी त्याच्या आईच्या थाटात सांगितलं.

तुमच्या गाडी चालवण्याबद्दल इथे सगळ्यांना सांगितलं. एक ससा आपल्याला मागे टाकून गेला आणि तुम्ही त्याला वाट दिलीत, हेही सांगितलं. प्रत्येक वळणावर हात दाखवलात, रानात, जिथे आपल्याशिवाय सांबरासारखा एक मूस तेवढा होता! पण दलदलीतल्या त्या काळ्या पट्ट्यात मी डोळे मिटले, आणि तुम्ही न थांबता पार झालात. तिथे ड्रूसुद्धा शिव्या द्यायची. तुम्ही फक्त “क्षमस्व” म्हणालात. मला की गाडीला, ते कळलं नाही.

मागे बसून परतताना मांडीवर केटली होती. तुम्ही मागची जागा इतकी वर्षं का सोडली नाहीत, ते मला तेव्हा समजलं. मागे बसलं की पुढच्या माणसाची पाठ दिसते, आणि बाकी कशाची काळजी राहत नाही.

आता तुम्ही पुढे बसता. मागे कुणी नसलं की पाठीला वारा लागतो का हो?

लोभ आहे. पुढच्या ऑगस्टपर्यंत पुरेल एवढा तिकडे ठेवून आलेय.

तुमची,
मेल्विना


स्प्रूस आर्म
१६ नोव्हेंबर

चि. सौ. मेल्विना हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले होते. होय, लागतो.

काल पहिला बर्फ टिकला. केबिनवरून शेवटची खेप आणली. निघण्यापूर्वी तेथे चहा उकळला. दोन कप काढले गेले, सवयीने. दुसराही मीच प्यालो. केटली या वेळीही तेथेच ठेवली आहे.

गाडीची बेअरिंगे बदलून झाली आहेत. तुलना पूर्ण झाली, असे समजावे. गावातील मंडळी निकाल विचारतात; बाईंची गाडी, एवढेच सांगतो.

आज दुपारी तिला थंडीसाठी झोपवले. तांबड्या किनारीचा मोजा डब्याच्या तोंडात आणि निळा मागच्या नळीत. उन्हाळ्यात मी त्यांना रफू केले होते; काम ओबडधोबड झाले, टाचेशी गाठ येते. तरी उंदरांची तक्रार नसावी. तिचे हातमोजे पुन्हा हँडलवर ठेवले.

बाकी दोन मोजे हे लिहिताना माझ्या पायांत आहेत. एकाची किनार तांबडी आहे, दुसऱ्याची निळी. सकाळी प्रार्थनेस हेच घालून गेलो होतो. वॅलेसची पत्नी त्यांच्याकडे पाहून काही बोलणार होती. आमच्याकडे इंजिन आहे, असे मीच तिला आधी सांगितले.

वसंतात कळवीन. तोवर लोभ उबेत ठेवावा.

तुझा,
हेडली